सभासद क्रमांक चारशे बारा

“लॉगिन, दहा चाळीस,” असं मोठ्यानं म्हणत कुंदाताईंनी ते वहीत लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि मगच माउसला हात लावला.

“ताई, हे लिहायची गरज नसते हो,” मी म्हटलं. “तुम्ही कधी आलात ते कॉम्प्युटरला आपोआप कळतं.”

“त्याला कळत असेल. मला नको कळायला?”

सोपानकाका खुर्चीच्या मागं उभे राहून स्क्रीनकडं बघत होते. ते वाचनालयाचे शिपाई, आणि कुंदाताई ग्रंथपाल. कर्मचारी एवढे दोनच. मी नववीत होते आणि त्या दोघांची शिक्षिका होते.

हो, शिक्षिका! वरून पत्रक आलं होतं, की मुलं वाचनालयाकडं फिरकत नाहीत, तरी कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन खेळ आणि इंटरनेटवरच्या नव्या गोष्टी शिकून घ्याव्यात, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक वाचनालयानं स्वतः तयार केलेला एक खेळ लोकांसमोर घेऊन दाखवावा. जिल्ह्याचे साहेब व्हिडिओवरून बघणार होते. पत्रक वाचून कुंदाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत वाचलं आणि मला निरोप धाडला.

मलाच का, तर त्या वर्षी मला नुकताच आवाज फुटला होता. आठवीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचं तरी माझ्या घशातून चिमणी बोलायची. मग नववीच्या सुरुवातीला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी बळंच ढकललं, आणि माझा चक्क पहिला नंबर आला. त्यानंतर मी जी सुटले ती सुटलेच. शाळेचा प्रोजेक्टर बिघडला, बोलवा पूर्वाला. सरांच्या मोबाइलमध्ये काही अडलं, बोलवा पूर्वाला. आई म्हणायची, “हिचं बंद करायचं बटण कुठाय ते कुणीतरी शोधा रे.”

आज मी बारावीत आहे. तीन वर्षं झाली, पण तेव्हाचे ते दोन महिने आठवले की आधी हसूच येतं. ते आधी सांगते.

कुंदाताईंना मी शेतीचा एक खेळ लावून दिला. बी पेरायचं, पाणी द्यायचं, पीक आलं की काढायचं. चार दिवसांत अशी वेळ आली, की समोर वाचक पुस्तक घेऊन उभा आणि कुंदाताई म्हणताहेत, “पाच मिनिटं थांबा, माझा मका काढणीला आलाय.” सोपानकाकांना लुडो आवडला. समोरचा खेळाडू मणिपूरचा आहे असं मी सांगितलं, तर काकांनी त्याची सोंगटी मारायचंच सोडून दिलं. “एवढ्या लांबनं आलंय पोरगं,” ते म्हणाले. “पहिल्याच भेटीत कुठं मारायचं त्याला!”

सगळ्यात कहर क्यूआर कोडचा. प्रत्येक कपाटावर एक कोड चिकटवायचा, मुलांनी मोबाइल धरला की आतल्या पुस्तकांची माहिती दिसेल, अशी माझी कल्पना. शाळेच्या प्रिंटरवर मी बावीस कोड छापून आणले आणि काकांच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी एकही चालेना. बघते तर प्रत्येक कोडच्या बरोब्बर मधोमध वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का!

“काका, हे काय केलंत?”

“शिक्क्याशिवाय हितला एक कागुद भाईर लावत न्हाई आपण,” काका छाती काढून म्हणाले. “बावीसच्या बावीस मारलेत. एक न्हाई सोडला.”

मी हसून हसून कपाटालाच टेकले. कुंदाताईंनी मात्र काकांची बाजू घेतली. “बरोबर आहे त्यांचं. तूच शिक्क्याला जागा ठेवायला हवी होतीस.”

अशी ती दोघं. सगळं नियमानं. त्यांचे दोन नियम इथं सांगायलाच हवेत.

एक म्हणजे वाचनालयात कुणालाही नावानं हाक मारायची नाही. साहेब असो नाहीतर हमाल, उंबऱ्याच्या आत सगळे सभासद क्रमांकच. एखादं पुस्तक बाहेर गेलेलं असलं की लोक मागणीची चिठ्ठी देऊन ठेवायचे. शनिवारी संध्याकाळी सोपानकाका दारात उभं राहून पुकारायचे, “एकशे बावीस! आलं बगा तुमचं!” मग डॉक्टर हसत उठायचे. “सत्तावीस!” आमचे मुख्याध्यापक. आमच्या घरचा नंबर तीनशे अडुसष्ट. अशानं गावातल्या वाचणाऱ्या प्रत्येक माणसाचा नंबर दुसऱ्या प्रत्येकाला पाठ.

दुसरा नियम देवघेवीच्या रजिस्टरचा. कोणत्या नंबरानं कोणतं पुस्तक कधी नेलं, कधी आणलं, हे सगळं त्यात. खाकी कव्हर घातलेलं ते रजिस्टर कुंदाताईंच्या टेबलावर कायम पालथं. “कुणी काय नेलं, ते नेणाऱ्याला आणि मला,” त्या म्हणायच्या. “तिसऱ्याला नाही.” एकदा एक गृहस्थ स्वतःच्या मुलानं काय नेलंय हे विचारायला आले होते. ताईंनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, उत्तर दिलं नाही.

तर खेळ. मी प्रश्नमंजूषा ठरवली होती. पडद्यावर प्रश्न येणार, चार पर्याय, प्रत्येकानं आपापल्या मोबाइलवर बटण दाबायचं, वीस सेकंद टिकटिक संगीत, मग बरोबर उत्तर हिरवं आणि चूक लाल. शेवटी पहिले तीन विजेते, फटाक्यांसकट. प्रश्न काय घ्यायचे यावर आमचं अडलं.

“पुस्तकांवर विचारू,” ताई म्हणाल्या. “सर्वांत जुना ग्रंथ कोणता, एकूण ग्रंथसंख्या किती.”

मी तसे सात प्रश्न घातले आणि सोपानकाकांवर प्रयोग केला. तिसऱ्या प्रश्नाला काकांनी जांभई दिली.

“ताई, आपण वाचकांवर खेळ करू ना!” मी म्हटलं. “ओळखा पाहू, हा नंबर काय वाचतो? लोक वेडे होतील.”

“पूर्वा, रजिस्टरला हात लावायचा नाही.”

“मग खोटे वाचक करू. काहीतरी मनचे नंबर, मनची पुस्तकं.”

यावर कुंदाताईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी पुस्तकाची पानं फाडायला सांगितली. “खोटी नोंद? माझ्या हातून? सव्वीस वर्षांत एक नाही केली.”

म्हणजे खरी चालणार नाही आणि खोटीही नाही! मी चिडले. पण तोंडानं “बरं ताई” म्हटलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, कुंदाताई घरी जेवायला गेल्या आणि सोपानकाका भाड्याच्या खुर्च्या उतरवून घेत होते. रजिस्टर टेबलावर पालथं होतं. मी ते उलटं केलं. मला फार तर वीस मिनिटं लागली. मुख्याध्यापक भुताच्या गोष्टी वाचतात! डॉक्टर घरगुती औषधांचं पुस्तक तीनदा नेतात! मी एकटीच फिदीफिदी हसत टाइप करत होते. नाव एकही घातलं नाही हं, फक्त नंबर. आकड्याला कुठं तोंड असतं, असं मी स्वतःला सांगितलं. सात प्रश्न झाले. शेवटचा सगळ्यात जोरदार हवा, म्हणून आणखी पानं उलटली, आणि एका नंबरापुढं एकच पुस्तक पाचदा दिसलं. ते घातलं, रजिस्टर पालथं केलं, आणि ताई आल्या तेव्हा मी पताका लावत होते.

रविवारी वाचनालय गच्च भरलं. व्हिडिओवर साहेब, समोर दीडशे माणसं. माझ्या वर्गातली अबोली पहिल्या रांगेत आईचा मोबाइल घेऊन बसली होती. तिची आई, शालनकाकू, सगळ्यात मागं, खिडकीशी. बाजारपेठेत त्यांचं शिवणाचं दुकान. आमच्या निम्म्या शाळेचे गणवेश त्यांच्या हातचे. टेबलावरचं नवं हिरवं कापडही त्यांनीच शिवून आणलं होतं, म्हणून कुंदाताईंनी आग्रहानं थांबवलं होतं. दोघी जुन्या मैत्रिणी. त्यांच्या शेजारी त्यांच्या मोठ्या जाऊबाई.

मी माइक घेतला. आणि खरं सांगते, तो माइक हातात घेताना जे वाटलं, तसं परत कधी वाटलं नाही.

पहिला प्रश्न पडद्यावर आला. “सभासद क्रमांक सत्तावीस यांचा लाडका पुस्तक-प्रकार कोणता?” सगळ्या माना गर्रकन मुख्याध्यापकांकडं. टिकटिक, टिकटिक, आणि हिरवं, “भुताच्या गोष्टी!” छप्पर उडायचंच बाकी होतं. मुख्याध्यापक स्वतःच पोट धरून हसले. “अहो, मुलांना शांत बसवायला उपयोगी पडतात!” ते ओरडले. पडद्यावरचे साहेबसुद्धा हसत होते. डॉक्टरांच्या वेळी त्याहून मोठा हशा. आजोबा लोक एकमेकांचे मोबाइल ओढत होते. एक बाई म्हणत होत्या, “माझा नंबर घे गं, माझा का नाही?”

सातव्या प्रश्नानंतर कुंदाताई माझ्याजवळ आल्या. माझ्या कोपराला धरून काहीतरी म्हणाल्या. हशात ऐकू आलं नाही.

शेवटचा प्रश्न लागला. “सभासद क्रमांक चारशे बारा यांनी यंदा पाच वेळा कोणतं पुस्तक नेलं?”

“चारशे बारा आमचा!” अबोली टुणकन उभी राहिली. “आईचा! थांबा, मला येतं!” तिनं पर्याय वाचलेसुद्धा नाहीत नीट. एक पर्याय ‘ब्लाउजचे नवे नमुने’ होता, तिनं तो दाबला आणि मागं वळून आईला अंगठा दाखवला.

टिकटिक संपलं. अबोलीच्या मोबाइलवर लाल. पडद्यावर हिरवं.

“घरबसल्या दहावी: खासगी विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक.”

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग मागून जाऊबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. “अगं शालन, तू तर बारावी झालेली ना? सोयरीक करताना तसंच सांगितलं होतं की तुझ्या बापानं!”

एकजण हसला. मग दहाजण. वाईट हेतूनं नाही. आधीच्या सात प्रश्नांना हसले तसेच हसले, हसायची लय लागलेली होती. “शालनवहिनी, परीक्षेला पेन घेऊन जायचं हं, कॉपी नको!” कुणीतरी म्हणालं, आणि आणखी हशा. तेवढ्यात पडद्यावर फटाके उडायला लागले, कारण खेळ संपला होता आणि विजेते दाखवायचे होते. ते थांबवायचं बटणच मी ठेवलं नव्हतं.

अबोली उभीच होती. तिनं मागं बघितलं तेव्हा खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात गेले. जायची इच्छा नव्हती, पण न गेले तर मी टाळतेय हे कळेल, असं वाटलं. मी कॉम्प्युटरशी बसले होते तेवढ्यात शालनकाकू आल्या. कापडी पिशवीतून त्यांनी आधी शिवलेले दोन ब्लाउज बाहेर काढून बाजूला ठेवले, मग त्यांच्या खालची पुस्तकं. तीन होती. ती टेबलावर ठेवली.

“जमा करून घे,” त्या कुंदाताईंना म्हणाल्या.

“शालन, बस जरा.”

“बसायला नाही आले. एवढंच विचारायला आले, की कुणी दिलं ते बाहेर? अठरा वर्षं मी सासरी झाकून ठेवलं होतं. नववीतनं शाळा सोडली मी. हे फक्त तुला सांगितलं होतं. यंदा बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, तोही तुलाच माहीत. कुणी दिलं, कुंदा?”

खोलीत आम्ही चौघंच. सोपानकाका पुस्तकाला कव्हर घालत होते, त्यांचा हात थांबला. मी स्क्रीनकडं बघत होते. स्क्रीनवर काहीच नव्हतं. मला वाटलं, आता ताई माझ्याकडं बोट दाखवणार. बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं, मी रडले असते, माफी मागितली असती, सगळं त्याच दिवशी मिटलं असतं.

“रजिस्टर माझ्या ताब्यात असतं,” कुंदाताई म्हणाल्या. “ते उघड्यावर राहिलं. चूक माझी.”

“तुझी?”

“माझीच.”

शालनकाकूंनी बाजूला ठेवलेले ब्लाउज उचलले. मग म्हणाल्या, “मी तुझ्या जागी कुणालाही धरलं असतं गं. तुला नाही.” पिशवीत ब्लाउज परत घातले आणि गेल्या.

मी तोंड उघडलं नाही. मी! जिचं बटण कुणाला सापडत नव्हतं ती!

कुंदाताईंनी तिन्ही पुस्तकं जमा करून घेतली, तारीख घातली, सही केली. मला ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “आज शिकवणी नको.” थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “मला काही सांगायला येऊ नकोस, पूर्वा. माझं काही गेलेलं नाही. जिचं गेलं तिला सांग.”

“उद्या सांगते,” मी म्हटलं.

उद्या गेला. परवा गेला. बाजारपेठेतून जाताना मी दुकानाच्या समोरची बाजू धरायला लागले, मग तो रस्ताच सोडला. वाचनालयात जाणं बंद झालं. आईला म्हटलं, अभ्यास वाढलाय. अबोलीनं बाक बदलला. मी विचारलंही नाही का.

आणि त्यावर कडी म्हणजे जानेवारीत जिल्ह्याहून पत्र आलं. आमचा खेळ साहेबांना फार आवडला होता. ‘स्थानिक वाचकांना सामावून घेणारा अभिनव उपक्रम’ असं त्यात लिहिलं होतं, आणि मार्गदर्शक विद्यार्थिनी म्हणून माझं नाव. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं. सातशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पुढच्या रांगेत, तीन डोकी सोडून, अबोलीच्या दोन वेण्या दिसत होत्या. तिचे हात खालीच होते. सरांनी मला पुढं बोलावलं आणि म्हणाले, “बोल, दोन शब्द बोल.” मी माइकसमोर उभी राहिले आणि आठवीतली चिमणी परत घशात येऊन बसली.

मार्च आला. दहावीचं केंद्र आमच्या शाळेत, म्हणून आम्हाला सुट्टी. पहिला पेपर मराठीचा. मी साडेनऊलाच फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले. काकूंनी फॉर्म भरलेला होता. पुस्तकं परत केली म्हणून काय झालं, येतीलही, असं मला वाटत होतं. खरं तर त्या याव्यात म्हणून मी मनातल्या मनात देवाला काय काय कबूल करत होते. आल्या असत्या तर माझं निम्मं ओझं उतरलं असतं. दहीसाखरेच्या वाट्या, पेनांची पाकिटं, पोरांच्या आया, एक पंजाबी ड्रेसमधली मोठी बाई आली तेव्हा मी दोन पावलं पुढं झाले, पण ती कुणाची तरी मावशी निघाली. पोलीसकाकांनी फाटक लावलं. अकराची घंटा झाली.

मी तिथून निघाले ते पाय नेतील तिकडं नाही, सरळ बाजारपेठेत.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले. काकू मशिनवर बसलेल्या, पायाखाली पायडल, सुईखाली एक निळं कापड. समोर भिंतीवर घड्याळ. मशिन चालू नव्हतं.

मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. “सुरू झाला का गं पेपर?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“वेळेवर?”

“अकराला घंटा झाली.”

त्यांनी मान हलवली आणि मशिन चालू केलं. मी उभीच. कापड एका बाजूनं संपलं, त्यांनी फिरवून घेतलं. मी बोलायला लागले.

“काकू, ते मी घातलं होतं. कुंदाताई जेवायला गेल्या होत्या. त्यांनी मला रजिस्टरला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, तरी.”

मशिन चालूच.

“आणि चारशे बारा म्हणजे तुम्ही, हे मला माहीत होतं. नंबर घातला म्हणून कुणाला कळणार नाही, असं मला वाटलं नव्हतं. कळेल म्हणूनच घातला. सगळ्यात जास्त हसतील म्हणून शेवटी ठेवला.” मी तशीच पुढं बोलत राहिले. “आणि सातव्या प्रश्नानंतर ताई मला येऊन म्हणाल्या होत्या, आता बंद कर. मला ऐकू आलं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.”

मशिन थांबलं. काकूंनी दातानं दोरा तोडला.

“कुंदानं नाही केलं हे मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “घरी पोचेपर्यंत कळलं होतं. पण तोंडानं ती म्हणाली ना, माझी चूक. म्हणून मीही धरून बसले. तीन महिने झाले, आम्ही एकमेकींच्या दारात गेलो नाही. अशी माझी एकच होती, पूर्वा. ते कुणी भरून द्यायचं?”



“काकू, तुम्ही बसायला हवं होतं,” मी म्हटलं. “लोक काय, चार दिवस हसतात.”

“लोकांचं नाही गं.” त्यांनी निळ्या कापडाची मांडीवर नीट घडी घातली. “घरचंही मी निस्तरलं. जाऊबाई आठवडाभर बोलल्या, अबोलीचे वडील दोन दिवस गप्प होते, मग म्हणाले, बस परीक्षेला. पण माझं इंग्रजी कच्चं आहे. बसले असते तर एका विषयात गेलेच असते. कुणाला ठाऊक नसतं ना, तर गेले असते, परत बसले असते. कुणाला पत्ता लागला नसता. मला गुपचूप नापास व्हायची सोय होती. ती तेवढी गेली.”

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. बाहेरून बर्फगोळेवाला घंटी वाजवत गेला.

“निबंध कशावर आला असेल?” काकूंनी एकदम विचारलं.

“बघून सांगते,” मी म्हटलं, आणि शटरखालून बाहेर पळाले.

आमच्या शेजारची प्रणिता त्या वर्षी दहावीत होती. दोन वाजता घंटा झाली तेव्हा मी फाटकाला नाक लावून उभी. ती बाहेर आल्या आल्या तिची प्रश्नपत्रिका मागून घेतली. ती म्हणाली, “अगं, तुला कशाला, तुझी पुढच्या वर्षी!” मी काही सांगितलं नाही. धावत दुकानात गेले.

काकूंनी कागद घेतला. आधी हात पदराला पुसले. कापड कापायच्या टेबलावर तो पसरला, दोन्ही बाजूंना कात्री आणि मोजपट्टी ठेवली, की वाऱ्यानं उडू नये. मग शिवणाचा निळा खडू घेतला आणि पहिल्या प्रश्नापासून वाचायला लागल्या. ओठ हलत होते. धड्यातला उतारा होता, त्यावरचे प्रश्न वाचले आणि समोर खडूची छोटी खूण केली. कवितेच्या ओळी आल्या, त्यांचा अर्थ त्या पुटपुटल्या, खूण. समानार्थी शब्द, खूण. मग पान उलटलं. शाळेच्या बागेसाठी रोपं मागवणारं पत्र होतं, ते त्यांनी मायन्यापासून मनातल्या मनात लिहून बघितलं असावं, कारण बराच वेळ खडू हवेतच थांबला, आणि मग खूण. एक गिऱ्हाईक आलं, “ब्लाउज झालं का ताई?” म्हणून. काकूंनी वर न बघता हात केला, थांबा. ती बाई बाकावर बसली.

शेवटचं पान. निबंधाचे तीन विषय होते. त्यांनी तिन्ही वाचले आणि तिन्हींसमोर खूण केली.

मग कागद दोन्ही हातांनी उचलला, माझ्यासमोर धरला, आणि कुठलाच राग नसलेल्या आवाजात म्हणाल्या, “बघ. सगळं येत होतं मला.”